आवाज बसला, बाकी सगळे उठले

घसा बसणं हा बहुधा एकमेव आजार असेल, जो झाल्याचं सांगायला नेमका बिघडलेलाच अवयव वापरावा लागतो. पाय मोडला तर प्लास्टर बोलतं. ताप आला तर थर्मामीटर बोलतो. कांजिण्या आल्या तर काही सांगावंच लागत नाही, लोक आपणहून जिना बदलतात. घसा बसलेला माणूस मात्र बाहेरून ठणठणीत दिसतो, फक्त जरा शिष्ट वाटतो. मग कुणीतरी आपुलकीने विचारतं, "काय रे, आज गप्प गप्प?"

"घसा बसलाय."

"काय?"

"घसा."

"कसा?"

"कसा नाही, घसा! घ-सा! बसलाय!"

"अरे, मग बोलतोस कशाला?"

बरं, या आजाराची लागण ऐकणाऱ्यालाही होते. मी कुजबुजलो की समोरचाही कुजबुजायला लागतो. परवा लिफ्टमध्ये तळमजल्यापासून नवव्या मजल्यापर्यंत मी आणि एक शेजारी भर दिवसा एकमेकांच्या कानाशी लागून बोलत होतो. विषय होता पाऊस. पाचव्या मजल्यावर एक बाई आत शिरल्या, आम्हां दोघांकडे पाहिलं, पर्स छातीशी धरली आणि सहाव्याला उतरून गेल्या. जे कुजबुजत नाहीत ते ओरडतात. आवाज गेला म्हणजे कानही गेले असणार, असं त्यांना वाटतं. पार्सल घेऊन आलेला मुलगा माझ्या तोंडासमोर येऊन "साइन! हिअर!" असं इतक्या जोरात ओरडला की समोरच्या आजींनीही बाहेर येऊन सही करायची तयारी दाखवली.

हे कशामुळे झालं, याबद्दल आमच्या घरात एकमत नाही. माझं म्हणणं भक्तीमुळे. बायकोचं म्हणणं चढाओढीमुळे. डॉक्टरांचं म्हणणं व्हायरसमुळे. डॉक्टरांचं सोडून द्या, ते त्या दिवशी आरतीला नव्हते.

सिंगापुरात महाराष्ट्र मंडळाचा मोठा गणेशोत्सव असतोच, पण एचडीबीच्या, म्हणजे सरकारी वसाहतीतल्या, फ्लॅटमधल्या घरगुती आरत्यांची मजा काही और आहे. शेजारच्या चिनी आजोबांना त्रास नको म्हणून खिडक्या बंद, टाळ जरा हाताने दाबलेले, आणि आठ माणसांच्या दिवाणखान्यात सव्वीस माणसं. पहिली अडचण पट्टीची. आरती जो सुरू करतो तो पट्टी ठरवतो, आणि सुरू नेहमी तोच करतो ज्याला पट्टी म्हणजे काय हे माहीत नसतं. त्याने धरलेला सूर बायकांना खाली जातो आणि पुरुषांना वर. मग उरलेली आरती प्रत्येक जण आपापल्या सोयीने पूर्ण करतो.

खरी लढाई विठ्ठलाच्या आरतीत असते. त्यातला तो लांबवायचा 'ये'! ज्याने तो कधी ताणून धरला नाही, त्याने आपल्या मराठीपणाचा पुरावा मंडळाच्या कार्यालयात आणून द्यावा. त्या संध्याकाळी 'ये' सुरू झाला तेव्हा सगळेच त्यात होते. आधी मुलं गळाली, मग वहिनी, मग माझा मेहुणा खोकत बाजूला झाला. शेवटी उरलो मी आणि बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेले एक काका. हे काका रोज सकाळी ईस्ट कोस्ट पार्कात समुद्राकडे तोंड करून प्राणायाम करतात. त्यांचे डोळे शांतपणे मिटलेले होते, माझे बाहेर आले होते. कापूर विझला. मुलं मोदकांच्या ताटाकडे सरकली. अखेर काकांनी श्वास सोडला, तरी मी आणखी जरा वेळ ताणला. निकालाबद्दल पुढे कुणाला शंका नको.

त्यानंतर रात्री अकराला गरम बटाटेवडे, आणि वर आइस्क्रीम. सकाळी उठून मी "चहा" म्हणालो. तोंडातून हवा आली, चहा आला नाही.

सिंगापुरात असं पूर्वीही झालं आहे, पण तेव्हा सरकारी पातळीवर. 2015 च्या गणपतीत इंडोनेशियातल्या जळणाऱ्या पीट जमिनींचा धूर इथे इतका साचला की 25 सप्टेंबरला शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्या वर्षी जो तो खाकरत होता, त्यामुळे कुणी कुणाला "काय झालं?" म्हणून विचारत नव्हतं. सार्वजनिक आपत्तीची ही एक सोय असते. या वर्षी आभाळ स्वच्छ होतं. मला लपायला जागा नव्हती.

दवाखान्यात काउंटरवरच्या मुलीला माझं आडनाव हवं होतं. त्यात दोन जोडाक्षरं आहेत. ते परदेशात स्पेलिंगसकट सांगायला धडधाकट गळासुद्धा कमी पडतो. मी प्रत्येक अक्षर फुंकत गेलो, ती मान डोलवत टाइप करत गेली. पुढे औषधाच्या पाकिटावर जे नाव छापून आलं, ते बहुधा फिनलंडच्या एखाद्या गृहस्थाचं असावं. त्यांची प्रकृती आता कशी आहे, कोण जाणे.

डॉक्टर तरुण आणि उत्साही होते. "सिगारेट? छातीत जळजळ? रात्री उशिरा जेवता? कामात फार बोलावं लागतं?" प्रत्येक प्रश्नानंतर ते उत्तरासाठी थांबत, आणि मी उत्तर दिलं की म्हणत, "बोलू नका." मग त्यांनी टेबलावरचं प्लास्टिकचं नरडं उघडून दाखवलं. आत दोन लहानशा मऊ पट्ट्या. पुरुषाच्या दोनेक सेंटिमीटरच्या, बाईच्या त्याहून आखूड. एवढ्या भांडवलावर माणूस आयुष्यभर बोलतो! साधं बोलताना पुरुषाच्या या पट्ट्या सेकंदाला शंभराहून जास्त वेळा एकमेकींवर आपटतात, बाईच्या दोनशेच्या आसपास.

"म्हणजे इथेही दुप्पट काम आमच्याकडेच," बायको म्हणाली.

सर्दीच्या व्हायरसने किंवा ओरडण्याने या पट्ट्या सुजतात, जड होतात, नीट मिटत नाहीत. फटीतून हवा निसटते आणि आवाज घोगरा येतो किंवा येतच नाही. रात्री जेवून लगेच आडवं झालं की पोटातलं आम्लही वर चढून तिथे चटका देतं. डॉक्टरांचा डोळा बटाटेवड्यांवर आहे हे मला तेव्हाच कळलं. अँटिबायोटिक त्यांनी दिलं नाही. व्हायरसवर त्याचा उपयोग नसतो, आठवड्या-दोन आठवड्यांत हे आपोआप बरं होतं, म्हणाले. तीन-चार आठवड्यांनंतरही आवाज तसाच राहिला तर मात्र नाकातून दुर्बीण घालून आत पाहायचं, त्यात हयगय नाही. औषध काय, तर पाणी पिणं, वाफ घेणं आणि गप्प बसणं. मी फुंकर घालत विचारलं, "कुजबुजलं तर चालेल ना?" तर तेही नाही. कुजबुजताना बरेच लोक घसा उलट जास्त आवळतात. बोलायचंच झालं तर हळू आवाजात, पण सरळ, आणि कमी.

दवाखान्यात पैसे देऊन 'गप्प बसा' हे ऐकून आलेला नवरा पाहून बायकोला जो आनंद झाला, तो तिने लपवण्याचा प्रयत्नही केला नाही. हेच ती इतकी वर्षं फुकट सांगत होती.

वाफ सोडली तर इतर कुठला उपाय त्या पट्ट्यांपर्यंत पोचतच नाही, हेही डॉक्टरांनी सांगितलं होतं. आपण काही गिळलं की कंठावर झाकण बसतं आणि घास मागच्या वाटेने अन्ननलिकेत जातो. काढे, चाटणं, गोळ्या, सगळं त्या वाटेने. घशाला बरं वाटतं ते खरं, पण स्वरतंतूंना त्याची खबरही नसते. एवढी शास्त्रीय माहिती माझ्याकडे होती. ती सांगायला आवाज नव्हता, आणि ज्यांना सांगायची होती त्यांच्यापुढे ती आवाज असतानाही सांगता आली नसती. कारण पहिला फोन सांगलीहून आईचा आला.

"ज्येष्ठमधाची कांडी तोंडात धर. मिठाच्या गुळण्या कर. आल्याचा रस मधातून घे. रात्री हळद घालून दूध. बरं वाटतंय का आता?"

मी व्हिडिओवर मान हलवली.

"मान काय हलवतोस? तोंडाने बोल की! आवाज किती बसलाय ते मला कळायला नको?"

मी आवाज काढला.

"अगंबाई! बोलू नकोस बाबा अजिबात. काकूला देते, तिच्याशी बोल."

उपचारांचं दुसरं केंद्र लिफ्टमध्ये होतं. आमच्या मजल्यावरच्या चिनी आँटींनी माझ्या घशातून निघालेलं "गुड मॉर्निंग" ऐकलं आणि जागच्या जागी निदान केलं. "यू टू हीटी ला! ड्युरियन खाल्लंस?" अंगात उष्णता वाढली म्हणून आवाज गेला. संध्याकाळी त्या पेई पा कोआची बाटली घेऊन दारात हजर. मध, लोकाटची पानं आणि कसले कसले चिनी कंद यांचं ते काळंभोर चाटण. सोबत तीन पायांच्या चित्राचं 'कूलिंग वॉटर'. हे पाणी 1937 साली सिंगापुरात सुरू झालेल्या एका औषध कंपनीचं, आणि इथल्या कित्येक पिढ्यांच्या उष्णतेवर त्याने पाणी ओतलेलं आहे. मला ऐकताना वाटलं, ही तर थेट आमच्या आईची भाषा! उष्ण, थंड, बाधतं, मानवतं. चला, दोन प्राचीन संस्कृती माझ्या गळ्यात भेटल्या.

भेटल्या, आणि लगेच भांडल्या. आँटींच्या नजरेला आल्याचा तुकडा पडला. आलं? आलं हीटी! नो जिंजर, नो जिंजर! तेवढ्यात टेबलावरच्या फोनमधून आई विचारती झाली, "कोण आहे? काय म्हणतेय ती? आलं नको म्हणते? तिला म्हणावं, मला याच आल्याने वाढवलंय." भारत आणि चीन यांच्यातली ताबारेषा माझ्या टॉन्सिलच्या जरा खालून गेली होती आणि मी दोन्ही बाजूंना फक्त हात जोडत होतो. त्यात मलय सहकाऱ्याने तेह हालिया, म्हणजे इथला आल्याचा चहा, घ्यायला सांगून आईची बाजू मजबूत केली. टेक्का मार्केटमधल्या तमिळ दुकानदाराने सुंठीची चुक्कू कापी पुढे केली, तेव्हा आल्याच्या आघाडीला स्पष्ट बहुमत मिळालं. तरीही चाटण मी गुपचूप खाल्लं. ते चवीला फारच छान होतं.

तेह हालिया घ्यायला मी खालच्या कोपीटियममध्ये, म्हणजे कॉफीच्या दुकानात, गेलो. सिंगापूरची सगळी प्रगत यंत्रणा एका बाजूला आणि कोपीटियम एका बाजूला. तिथे सगळा व्यवहार तोंडी. कोपी-ओ म्हणजे दूध नको, कोपी-सी म्हणजे डब्यातलं बिनसाखरेचं दूध, सिऊ दाई म्हणजे साखर कमी, कोसोंग म्हणजे साखर नाहीच, गाओ म्हणजे कडक, पेंग म्हणजे बर्फ. हे सगळं एका दमात, योग्य क्रमाने आणि मागच्या रांगेचा संयम सुटायच्या आत म्हणायचं असतं. मी फोनवर लिहून दाखवलं. अंकलनी चष्मा आणला नव्हता. मग मी अभिनयाकडे वळलो. कप दाखवला, वाफ दाखवली. आलं कसं दाखवणार? मूठ वळून बोटं वेडीवाकडी केली. अंकल गंभीर झाले, त्यांना वाटलं संधिवात. ते पुसून टाकायला मी दोन्ही हात हलवले, तेवढ्यात चप्पल ओल्या फरशीवरून सटकली आणि माझा उजवा पाय हवेत उडाला.

अंकलच्या चेहऱ्यावर उजेड पडला. "आss! टाक किऊ!"

मायलो या चॉकलेटी पेयाच्या डब्यावर फुटबॉल खेळणाऱ्याचं चित्र असायचं, म्हणून जुन्या कोपीटियममध्ये मायलोला 'टाक किऊ', चेंडूला लाथ, असं म्हणतात. माझ्यापुढे मायलोचा पेला आला. धक्क्यातून सावरायला मी दंड चोळत होतो. ती 'थंड हवं'ची खूण समजून की काय, त्यांनी तो पेंग दिला. भरपूर बर्फाचा.

ऑफिसला वैद्यकीय रजेचा कागद, म्हणजे इथला सर्वशक्तिमान एमसी, पाठवला. सहा महिने नोकरी झाली की वर्षाला चौदा दिवसांची पगारी आजारी रजा हा सिंगापुरात कायद्याने मिळणारा हक्क आहे. साहेबांनी कायद्याचा मान राखला. फक्त एवढंच लिहिलं, "टाइप करायला घसा लागत नाही ना?" त्यामुळे मी घरून मीटिंगला बसलो. माझा आकडेवारीचा भाग आला. मी तोंड उघडलं, थोडी हवा सोडली.

"यू आर ऑन म्यूट!" नऊ जण एकदम म्हणाले.

मी नाही म्हणून मान हलवली.

"स्टिल ऑन म्यूट!"

मग त्यांच्यातल्या तांत्रिक बुद्धीच्या लोकांनी मला हेडफोन काढायला लावले, घालायला लावले, लॅपटॉप बंद करून चालू करायला लावला. शेवटी मी कागदावर मोठ्या अक्षरांत 'आवाज नाही' असं इंग्रजीत लिहून कॅमेऱ्यासमोर धरलं. त्यावर एकाने लिहिलं, "आवाज नाही हे माहीत आहे, सेटिंग्ज तपासा." माझ्या आकडेवारीशिवाय मीटिंग वेळेआधी संपली आणि कशाचंही काही अडलं नाही. हे जरा घशापेक्षा जास्त लागलं.

पुन्हा ऑफिसला जायला लागलो तेव्हा तिथला एसी होताच. सिंगापूरचे पहिले पंतप्रधान ली क्वान यू वातानुकूलनाला इतिहासातल्या मोठ्या शोधांमध्ये गणत, आणि आमचं ऑफिस त्यांचा शब्द खाली पडू देत नाही. बाहेर घाम, आत स्वेटर, आणि मधल्या कोरड्या थंड हवेत माझ्या त्या दोन पट्ट्या. एमआरटी मेट्रोत मात्र मला प्रथमच आपलं माणूस भेटलं. डब्यात 'हश-हश हॅना' नावाच्या बाईचं कार्टून लावलेलं असतं. गाडीत आवाज कमी ठेवा, हे सांगणं तिचं काम. इतकी वर्षं मी तिच्याकडे मराठी माणसाच्या तुच्छतेने पाहत आलो होतो. आता आम्ही एकमेकांना नजरेने नमस्कार करतो.

सक्तीच्या मौनात माणूस वाचतो. मी घशाबद्दल वाचलं आणि मला मान्वेल गार्सिया सापडला. हा गाण्याचा मास्तर. तरुणपणीच रंगमंचावरचं गाणं सोडून तो शिकवायला लागला आणि लंडनच्या रॉयल अकॅडमीत प्राध्यापक झाला. गाताना आत नेमकं काय हलतं, हा प्रश्न त्याला छळत होता. 1854 साली पॅरिसच्या एका बागेत फिरताना त्याला ऊन चमकताना दिसलं आणि डोक्यात आरसे चमकले. त्याने दाताच्या डॉक्टरचा छोटा आरसा विकत घेतला, वाफ धरू नये म्हणून कोमट केला, पडजिभेला टेकवला, दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडलं आणि स्वतःचे स्वरतंतू स्वतः पाहिले. जिवंत माणसाचा आवाज असा चालू असताना पाहायची पद्धत जगाला एका गायनमास्तराने दिली. पुढच्या वर्षी त्याचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे गेला. पुढे तो 101 वर्षं जगला, आणि शंभरीला घशाच्या डॉक्टरांनी त्याचा मोठा सत्कार केला.

आता गार्सियाला जे जमलं ते, फोनचा टॉर्च हाताशी असताना, मला का जमू नये? मी न्हाणीघरात गेलो. एका हातात चकचकीत चमचा, दुसऱ्यात फोन. चमचा पडजिभेला लागला मात्र, पोटातून जो आवाज निघाला तो गेल्या कित्येक दिवसांतला सर्वांत मोठा होता. बाहेरून मुलगी आनंदाने ओरडली, "आई, बाबांचा आवाज आला!" विज्ञानाच्या पदरात एवढंच पडलं की माझ्या मागच्या दाढेतलं सिमेंट निघालं आहे.

या सगळ्यात बायकोने दुभाषाचं काम हाती घेतलं होतं. माझ्या खाणाखुणा फक्त तिला कळतात, हे सत्य तिने सगळीकडे पसरवलं. माझी मेव्हणी डिसेंबरमध्ये यायचं म्हणत होती. व्हिडिओवर मी दोन्ही हात आडवे हलवले.

"तो म्हणतोय, आठवडाभर नाही, चांगली महिनाभर ये."

मी कपाळावर हात मारला.

"म्हणतोय, आधी का नाही सुचलं!"

माझा विरोध जितका तीव्र, तितकं तिचं भाषांतर प्रेमळ. सेंटोसाची सहल ठरली. फ्रीज बदलायचं ठरलं. मंडळाचे कार्यकर्ते दिवाळीच्या कार्यक्रमासाठी माणसं गोळा करत घरी आले, तेव्हा मी सोफ्यामागे पडलेली सांडशी उचलायला वाकलो होतो. "बघा, नुसतं नाव काढलं तर वाकून हो म्हणतोय," ती म्हणाली. कुठल्या कामाला हो, ते मंडळींनी सांगितलं नाही आणि मला विचारता आलं नाही.

यथावकाश आवाज परत आला. आधी खर्जात, मग अधूनमधून फुटत, वयात येणाऱ्या पोराचा असावा तसा. मग एका सकाळी स्वच्छ, खणखणीत. मी घरभर फिरून सगळ्या वस्तूंना नावाने हाका मारल्या. ठरलेल्या एकेका गोष्टीवर आता तोंडी आक्षेप नोंदवायचा मी बेत केला. पण फ्रीज आलेला होता आणि मेव्हणीचं तिकीट काढून झालं होतं. निदान दिवाळीचं तरी टाळावं, असं ठरवत होतो, तोच मंडळातून फोन.

मी क्षणभर विचार केला. डॉक्टरांचा सगळा सल्ला बाजूला ठेवला, घसा आवळला आणि जमेल तितक्या फाटक्या, घोगऱ्या, पाताळातून आल्यासारख्या आवाजात म्हणालो, "हॅलो."

पलीकडे शांतता. मग फोनवर हात ठेवून कुणीतरी मागे ओरडल्याचं मला स्पष्ट ऐकू आलं, "अहो, सापडला! बालनाट्यातला राक्षस सापडला!"